वन्संची मच्छरदाणी

माझी नणंद अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. डाव्या कानाने तिला काही ऐकू येत नाही. उजव्याने येतं, तेही जवळ बसून बोललं तर. घरातली माणसं तिच्याशी कुठूनही बोलतात आणि मग आत्याला ऐकू येत नाही म्हणून सोडून देतात. मी सोडत नाही. मला काही सांगायचं असलं की मी खुर्ची ओढून तिच्या उजव्या बाजूला बसते. यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी मी तशी बसले होते. त्या दिवशी काय सांगितलं आणि का सांगितलं, ते लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जमेल तसं.

तिला मी वन्सं म्हणते. तोंडाला सवय आहे, आदराशी त्याचा संबंध नाही.

आमचं घर जुनी इंदूरला. खाली किराणा दुकान भाड्याने दिलेलं, वर आम्ही. नवऱ्याचे पणजोबा राजांच्या फौजेत होते. त्यांची तुकडी मानपुरच्या चौकीवर होती, तिथे तापाची साथ आली, माणसं पटापट मेली, आणि पणजोबा तेवढे जिवंत परत आले. येताना बायको घेऊन आले. ही गोष्ट मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात तीनदा ऐकली. गोष्टीत बायको शेवटी यायची, तीही अर्ध्या वाक्यात. बाहेरच्या खोलीत वंशावळीची फ्रेम आहे. त्यात प्रत्येक सुनेच्या नावापुढे तिच्या माहेरचं गाव आणि गोत्र लिहिलेलं आहे. माझ्यापुढे हातोद लिहिलं आहे. त्या पणजीपुढे गावाची जागा कोरी आणि गोत्र काश्यप. मी एकदा श्राद्धाला आलेल्या भटजींना विचारलं होतं. ते म्हणाले, ज्याचं गोत्र ठाऊक नसतं त्याला काश्यप म्हणायची पद्धत आहे. मी ऐकून ठेवलं.

पणजोबा परत आले तो दिवस आमच्याकडे पाळतात. पूर्वी दसऱ्यानंतरच्या अष्टमीला पाळायचे, आता नोकऱ्यांमुळे रविवारी. काडेचिराईत, गुळवेल आणि कडुनिंबाची साल घालून पितळेच्या पातेल्यात काढा उकळायचा. घरात जन्मलेल्यांनी तो वाटीतून प्यायचा. सुनांनी उकळायचा, गाळायचा, वाट्या घासायच्या, पण प्यायचा नाही. हा काढा घरच्या रक्तासाठी आहे, असं म्हणायचे. ताप आमच्या रक्ताला काही करत नाही, पणजोबांना केलं नाही, आम्हाला करणार नाही, असा त्या घराचा विश्वास होता.

वाट्या वन्सं द्यायच्या. लग्नानंतर वर्षाने त्यांचा नवरा वारला, त्या माहेरी आल्या आणि तेव्हापासून घर त्यांचं झालं. सासूबाई मवाळ होत्या, लवकर गेल्या. माझा नवरा वन्संचा धाकटा भाऊ. वाईट नव्हता. बहिणीपुढे उभा राहत नव्हता, इतकंच.

सासऱ्यांनी विधवा लेकीसाठी एक मच्छरदाणी आणली होती, हिरव्या काठाची. घरात तेवढी एकच. संध्याकाळी दिवा लावला की वन्संच्या खाटेवर ती सोडायचं काम माझं. चारी कोपरे गादीखाली नीट खोचले नाहीत तर परत खोचायला लावायच्या.

नवऱ्याला आणि पुढे मुलाला कधी ताप आला तरी दोन दिवसांत उतरायचा. मला मात्र जोराचा ताप यायचा. एक वर्ष सोडून एक वर्ष, पाऊस संपला की थंडी वाजून यायचा. दवाखान्यातून गोळ्या आणायच्या, कडू तोंडाने आठ दिवस काढायचे, उठायचं. वन्सं शेजारणीला सांगायच्या, "हातोदवालीचं रक्त हलकं आहे. मंडीतलं आहे ना." माझे वडील हातोदच्या मंडीत धान्य तोलायचे. वन्संनी मला कधी नावाने हाक मारली नाही. हातोदवाली म्हणायच्या, तोंडावरसुद्धा.

रक्तगटाचं प्रकरण पुढे आलं. नवरा कापड मिलमध्ये लागला, तिथे तपासणीत त्यांचा गट ओ निघाला. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांचा ओ. वन्संचं अपेंडिक्स काढलं, त्यांचाही ओ. मग वन्सं सगळ्यांना सांगत सुटल्या की आमच्या घराचा गटच ओ आहे, आमचं रक्त सगळ्यांना चालतं, आम्हाला मात्र कुणाचं चालत नाही. मला मुलगा झाला तेव्हा माझा गट बी निघाला. मुलाचा ओ. वन्संनी पेढे वाटले. दोन वर्षांनी मुलगी झाली. तिचा गट कुणी तपासला नाही.

मुलं माझ्याजवळ गोधडीवर झोपायची, वन्संच्या खाटेपासून चार हातांवर. एका पावसाळ्यात डास फार झाले होते. मी म्हटलं, "वन्सं, पोरांना तुमच्या मच्छरदाणीत घ्या ना."

"कशाला? मच्छर चावून घरच्या रक्ताला काय होतंय?"

"मग तुम्ही कशाला लावता?"

"मला त्यांच्या आवाजाचा त्रास होतो," वन्सं म्हणाल्या.

मुलगी चार वर्षांची झाली त्या वर्षी काढ्याच्या दिवशी तिने वाटी तोंडाला लावली आणि अर्धा काढा फ्रॉकवर सांडला. वन्संनी दुसरी वाटी भरून नाक दाबून पाजली. आठवड्याने ती तापली. दुपारी थंडी वाजायची, दात वाजायचे, मग अंग भाजायचं. मी तो ताप ओळखला. माझाच होता तो.

मी म्हटलं, "वन्सं, हिला दवाखान्यात नेते. रक्त तपासून घेते."

"काही नको. घरची पोर आहे. काढा दे, उतरेल."

"मला काढ्याने नव्हता उतरला. गोळ्यांनी उतरला."

"तू हातोदवाली. तुला गोळ्याच लागणार."

नवरा मिलमधून आला. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "ताई म्हणते आहे तर एक दिवस बघू." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले आणि तिसऱ्याही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलीला खांद्यावर घेऊन, चपला घालून जिन्यापर्यंत गेले होते. वन्सं मागून म्हणाल्या, "घरच्या पोरीला घेऊन बाहेर गेलीस तर परत येऊ नकोस." मी परत फिरले. ते माझ्या नावावर आहे, मी ते कुणावर टाकत नाही. पण त्या जिन्याच्या वर कोण उभं होतं, तेही मी विसरलेले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मुलीचे डोळे वर गेले आणि तिला झटके यायला लागले. मग सगळे धावले. टेम्पोत घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "इतनी देर क्यों की? दिमाग में चढ़ गया है." तिचं रक्त फार कमी झालं होतं. चढवायला पाहिजे म्हणून गट तपासला. चिठ्ठीवर बी आला. नवऱ्याने स्वतःचं दिलं, ओ असल्याने चाललं. बापाचं रक्त तिला चढलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

घरी बायका भेटायला येऊन बसल्या होत्या. ती गटाची चिठ्ठी वन्संच्या हातात होती. कुठून मिळाली, माहीत नाही. एकीने विचारलं, तुमच्याकडे तर तापाने कुणी जात नाही ना? वन्सं म्हणाल्या, "पोरगी आईच्या रक्तावर गेली. ओ असती तर जगली असती."

मी तिथेच बसले होते. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून चहाचं आधण ठेवलं, कारण अकरा कप लागणार होते आणि दुसरं कोणी ठेवणार नव्हतं.

त्या दिवसापासून मला वन्संचा सूड घ्यायचा होता. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही. पण मुलगा लहान होता, नवऱ्याचा पगार वन्संच्या हातात जायचा, आणि सूड घ्यायला मोकळी जागा लागते. मी छोट्या गोष्टी करायची. दरवर्षी काढा गाळताना तळाचा गाळ वन्संच्या वाटीत ओतायची. त्या कधी काही बोलल्या नाहीत. जास्त कडू मिळणं हा त्यांना मान वाटत असावा. मच्छरदाणी मात्र रोज नीट खोचून द्यायची. तिला कुठे भोक पडलं तर वन्सं मलाच शिवायला सांगायच्या, आणि मी शिवायची. भोक तसंच ठेवावं, असं फार वेळा मनात आलं.

नवरा गेला. मुलाचं लग्न झालं, सून आली. ती शाळेत शिकवते, काढ्याच्या भानगडीत पडत नाही, पातेलं तेवढं घासून देते. तिला एक मुलगी, माझी नात. तिचं लग्न दीड वर्षापूर्वी इथेच इंदूरला झालं. नातजावई एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. हसतमुख आहे, इंदुरी पोरांसारखा दिवसभर सगळ्यांना भिया-भिया, म्हणजे भाऊ-भाऊ, करतो.

यंदा श्रावणात नातीला दिवस गेले. गणपती झाले तसे तिने दवाखान्यात नाव नोंदवलं, तिथे रक्त तपासलं. आठ दिवसांनी ती एकटीच आमच्याकडे आली, तोंड उतरलेलं. कागदावर लिहिलं होतं की तिच्या रक्तात सिकलसेल नावाच्या रक्ताच्या आजाराचा गुण आहे. तिला स्वतःला आजार नाही, पण नवऱ्यातही तोच गुण असला तर बाळाला आजार होऊ शकतो. नवऱ्याची तपासणी लवकर करा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

वन्सं खाटेवर बसल्या होत्या. मुलाने त्यांच्या उजव्या कानात सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं.

"हे हातोदचं आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे असलं काही नाही. आपण ओ आहोत."

नात म्हणाली, "आत्याआजी, तो ग्रुप वेगळा. हे वेगळं आहे."

"रक्त ते रक्त. आणि ऐक, सासरी एक अक्षर कळता कामा नये. म्हणतील, खोटी पोरगी दिली. आणून सोडतील इथे. नवऱ्याला सांगशील तर बघ."

"पण त्याची टेस्ट..."

"सगळं चांगलंच होईल. माझा शब्द आहे."

पुन्हा तेच. पन्नास वर्षांनी पुन्हा तोच हुकूम. आणि नात गप्प बसली. तिने नवऱ्याला सांगितलं की रक्तात आयर्न कमी आहे. मुलगाही गप्प बसला, बापासारखा. म्हणाला, "आत्या बोलते आहे तर थोडं थांबू." मी त्याच्या तोंडावर म्हटलं, "तुझी बहीण याच थांबण्यात गेली." तो रडला. सत्तावन्न वर्षांचा माणूस. मी म्हटलं, रडू नकोस, शर्ट घाल, माझं आणि तुझं रक्त तपासायला चल.

चार दिवसांनी कागद आले. डॉक्टरीणबाई इथल्याच, हिंदी बोलणाऱ्या, साध्या होत्या. मला अम्माजी म्हणाल्या. मुलामध्ये तो गुण होता. माझ्यात नव्हता.

"म्हणजे कुणाकडून आला?" मी विचारलं.

"आपसे नहीं, तो इनके पिताजी से," त्या म्हणाल्या. "और तो कोई रास्ता नहीं है."

मी मुलाला बाहेर बसायला सांगितलं आणि बाईंना तापाचं विचारलं. घरात ताप कुणाला मारत नाही म्हणतात, ते का? त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. ज्याच्यात हा गुण असतो त्याच्या रक्तपेशीत मलेरियाचा जंतू नीट वाढत नाही. ताप येतो, पण बहुतेक वेळा जिवावर बेतत नाही. आणि रक्तगटाचंही थोडं आहे. लागण झालेल्या पेशी एकमेकींना चिकटतात, मेंदूतल्या बारीक नळ्या बुजतात. ओ गटाच्या माणसात त्या कमी चिकटतात. ए आणि बी मध्ये जास्त. पण त्यातला मोठा वाटा सिकलचा, गटाचा लहान.

"हा गुण कुठून येतो?"

"मां-बाप से. इधर धार, झाबुआ, मानपुर की तरफ भील-भिलाला लोगों में ज़्यादा मिलता है. औरों में भी मिलता है. आपके घर में कहां से आया, ये कोई रिपोर्ट नहीं बताएगी."

मला रिपोर्ट नको होती. मला काश्यप पुरे होतं. तापाच्या मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या कुणा घरची मुलगी पणजोबांनी आणली, तिच्या रक्ताने हे घर शंभर वर्षं तापातून वाचलं, आणि या घराने तिचं माहेर पुसून टाकलं. वाचवलं तिने, हार पणजोबांच्या फोटोला. भिल्ल असेल नाहीतर आणखी कोणी असेल, तिची मला लाज नाही. लाज वन्संना वाटेल, आणि मला तीच हवी होती.

मग मी माझ्या मुलीचं विचारलं. बी गट, चार वर्षांची, चार दिवस ताप, झटके.  बाई म्हणाल्या, आता नक्की सांगता येणार नाही, पण बहुधा बापाचा तो गुण तिला मिळाला नसावा. अर्ध्या मुलांना मिळतो, अर्ध्यांना नाही. गटही तुमचा मिळाला. म्हणजे तापापासून वाचवणारं तिच्याकडे काही नव्हतं.

मी रिक्षात बसले तेव्हा मला कळलं की वन्सं खरं बोलल्या होत्या. मुलगी आईच्याच रक्तावर गेली होती. इतकी वर्षं मी ते वाक्य खोटं आहे म्हणून रागावले होते, आणि आता कागदावर ते खरं निघत होतं.  दोन दिवस जेवण गेलं नाही. मग तिसऱ्या दिवशी सकाळी मलेरियाच्या गोळ्यांची आठवण झाली, मी दर दोन वर्षांनी खाल्लेल्या, आणि मी उठून काडेचिराईत निवडायला बसले. रविवार जवळ आला होता.

त्या रविवारी सगळे होते. मुलगा, सून, नात आणि नातजावई. वन्संना खुर्चीवर बसवलं. त्यांचा हात आता कापतो, पण वाट्या अजून त्याच देतात. पातेलं त्यांच्यापुढे ठेवून मी उजव्या बाजूला बसले. नातीला माझ्या चेहऱ्यावरून काय कळलं कोण जाणे. ती हळूच म्हणाली, "आजी, नको ना."

मी तिच्यासाठी बोलले, असं म्हणता आलं असतं तर बरं दिसलं असतं. तिच्यासाठीही बोलले. पण आधी दुसरीसाठी, माझ्या चार वर्षांच्या पोरीसाठी बोलले.

"वन्सं, वाटी द्यायच्या आधी ऐका," मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नातीच्या रक्तात निघालं ते माझं नाही. माझा कागद कोरा आहे. ते तुमच्या भावाचं आहे. तुमच्या घरचं."

"खोटं आहे. कागद बदलले असतील."

"मग भिंतीवरचा कागद बघा. त्या पणजीचं गाव कुठे आहे? काश्यप का लिहिलंय?"

"गप बस. जवाई बसलेत."

"जवाई बसलेत म्हणूनच बोलते आहे. तुम्ही ज्या रक्ताचा काढा पिता ना, ते रक्त मानपुरच्या त्या बाईने आणलं. पणजोबा सोडा. तुमचा भाऊ, माझा मुलगा तापातून उठले ते तिच्यामुळे. आणि तिचं नाव घ्यायची तुम्हाला लाज वाटते. हे तुमचं खानदान."

वन्संच्या हातातली वाटी कलंडली. काढा पदरावर सांडला. सून फडकं घेऊन उठली, मी तिला बस म्हटलं.

नातजावई बायकोकडे बघत होता. "तू तर मला आयर्न म्हणाली होती," तो म्हणाला.

नात रडायला लागली. "आत्याआजी म्हणाल्या तुम्ही लोक मला परत पाठवाल."

"अरे यार. कशाला पाठवणार? घरात चहा कोण करणार? मी करतो तो तूच पीत नाहीस." मग त्याचा चेहरा गंभीर झाला. "उद्या सकाळी जातो मी टेस्ट करायला. पण एक महिना गेला ना यात. आधी सांगायचं ना, पागल." त्याने पातेल्यात डोकावून बघितलं. "आणि हा काढा मी प्यायचा का नाही? मी तर कुणाच्याच रक्ताचा नाही इथे."

"मीही नाही," सून म्हणाली. "सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तुझ्यासारखीच बसलेय." ती हसली. त्या खोलीत काढ्याच्या दिवशी कुणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांचं बोलणं चालू झालं तसं मी वन्संच्या कानाजवळ गेले. हे बाकीच्यांसाठी नव्हतं.

"माझी पोर आईच्या रक्तावर गेली म्हणाला होतात तुम्ही," मी म्हटलं. "बरोबर बोललात. डॉक्टरनेही तेच सांगितलं. रक्त माझंच होतं. पण माझ्या रक्ताची माणसं गोळ्या खाऊन उठतात. मी किती वेळा उठले बघितलंत ना? अठ्ठ्याहत्तरची होऊन तुमच्यासमोर बसले आहे. तिला गोळ्या पाहिजे होत्या. तुम्ही तीन दिवस काढा पाजला."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. ऐकू आलं होतं.  त्या माफी मागतील असं मला वाटलं नव्हतं आणि मला ती नकोही होती.

तीन दिवसांनी नातजावयाचा फोन आला. त्याच्यात काही नाही. बाळात नातीचा गुण आला तर येईल, पण आजार होणार नाही. फोनवर तो ओरडत होता, "आजी, मी एकदम क्लीन आहे भिया!" मी आजी की भिया, ते त्याने ठरवावं. त्या दिवशी मी पोहे केले आणि दोनदा खाल्ले.

त्याच संध्याकाळी वन्सं मुलाला म्हणाल्या, "माझंही रक्त काढायला बोलाव कुणाला."

"कशाला आत्या? आता गरज नाही."

"मी घरची आहे. माझ्यात असणारच. कागदावर येऊ दे."

महिन्यापूर्वी ज्याला खोट म्हणत होत्या ते आता त्यांना हवं होतं. घरच्या रक्ताची तीच खूण आहे हे कळलं तशी मानपुरची पणजीही चालायला लागली. फ्रेमकडे बोट करून सुनेला म्हणाल्या, "तिचं गाव तिथे लिहून टाका. मानपुर लिहा." सुनेने शाईपेनाने लिहिलं. ते एक काम या सगळ्यात चांगलं झालं, पण वन्संनी ते पणजीसाठी केलं नाही.

तपासणीवाली मुलगी घरी येऊन रक्त घेऊन गेली. वन्संनी स्वतः हात पुढे केला. रिपोर्ट मुलाच्या फोनवर आली, त्याने छापून आणली. मी म्हटलं, मी वाचते, आणि खुर्ची ओढून उजव्या बाजूला बसले.

इंग्रजी मला येत नाही, पण माझा कागद बघून बघून तो शब्द कुठे असतो ते मला माहीत झालं होतं. मुलानेही आधी वाचून सांगितलं होतं.

"काय आलं?" वन्संनी विचारलं.

"गट ओ आहे."

"ते माहीत आहे. दुसरं."

"दुसरं नाही तुमच्यात. पणजीचं तुमच्यापर्यंत आलंच नाही. कागद कोरा आहे, माझ्यासारखा."

त्यांना पटकन कळलं नाही. मी आणखी जवळ गेले.

"तुम्हाला ताप आला नाही तो रक्तामुळे नाही, वन्सं. मच्छरदाणीमुळे."

त्यांनी डोळे मिटले.  मी कागदाची घडी घातली, त्यांच्या उशीजवळ ठेवली आणि तिथेच बसून राहिले, घाई नव्हती. खाली दुकानदाराने दिवा लावला. डास यायची वेळ झाली होती. वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या, "मच्छरदाणी सोड."

मी उठले नाही. शेवटी सुनेने येऊन सोडली, आणि कोपरे खोचायला विसरली. मी तिला सांगितलं नाही.